ट्रायब्युनलने फेटाळलं, आता कोर्टात गेलं तर व्हिसा मिळेल का?

तासगावच्या एका मामांनी विचारलं आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा २०२३ साली मेलबर्नला शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांची मिरजेला बायपास झाली, फीचे पैसे दवाखान्यात गेले आणि कॉलेजने त्याचं नाव काढलं. पोराने हे घरी सांगितलं नाही आणि ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्यालाही कळवलं नाही. व्हिसा रद्द झाला. ट्रायब्युनलकडे दाद मागितली, पण १२ दिवसांपूर्वी तिथेही निर्णय कायम झाला. निकालपत्रात लिहिलंय की वडिलांच्या आजारपणाचा कोणताही पुरावा दिलेला नाही. भाचा म्हणतो, दवाखान्याचे कागद सुनावणीनंतर तीन दिवसांनी ईमेलने पाठवले होते. आता एजंट सांगतोय, कोर्टात टाका, दोन-तीन वर्षं निघतील. नाहीतर प्रोटेक्शन व्हिसा (निर्वासितांना आसरा देणारा) टाका, गावाकडे जिवाला धोका आहे असं लिहू. मामांचे प्रश्न दोन: कोर्ट व्हिसा देईल का? आणि प्रोटेक्शनचा अर्ज टाकावा का?

नमस्कार. मी अठरा वर्षं मेलबर्नमध्ये याच कायद्याची वकिली करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कोर्ट व्हिसा देणार नाही, तो त्याचा अधिकारच नाही. तरीही तुमच्या पत्रातल्या एका ओळीमुळे कोर्टात जाण्यासारखं काहीतरी असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर: जे घडलंच नाही ते लिहून प्रोटेक्शन मागू नका, आणि असं सुचवणाऱ्या माणसाकडे भाच्याचे कागद एक दिवसही ठेवू नका. आता दोन्ही नीट सांगतो.

आपल्याकडे ‘अपील’ म्हटलं की डोळ्यांपुढे तहसीलदार, मग प्रांत, मग कलेक्टर येतात. फेरफार तहसीलदाराने नाकारला तर प्रांत सगळे कागद पुन्हा बघतो आणि स्वतःचं मत देतो. ऑस्ट्रेलियात ही जागा ट्रायब्युनलची आहे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल. तिथले सदस्य पुरावा नव्याने ऐकतात आणि खात्याच्या अधिकाऱ्याच्या जागी बसून निर्णय घेतात. व्हिसा द्यावा की नाही, या प्रश्नाची दारं तिथे बंद होतात. त्यापुढचं कोर्ट हे आपल्याकडे मुंबई हायकोर्टात रिट दाखल करण्यासारखं आहे. जमीन कोणाची हे रिटमध्ये ठरत नाही. नोटीस दिली होती का, ऐकून घेतलं का, कायद्याने दिलेल्या अधिकारातच निर्णय घेतला का, एवढंच बघतात. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत हे काम कलम ७५ च्या पाचव्या पोटकलमाने तिथल्या हायकोर्टाकडे दिलं आहे. (तिथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवा.) २००१ मध्ये संसदेने व्हिसाच्या कायद्यात (मायग्रेशन ॲक्ट) कलम ४७४ घालून इमिग्रेशनचे निर्णय कोर्टाच्या तपासणीबाहेर काढायचा प्रयत्न केला. २००३ मध्ये एस-१५७ प्रकरणात हायकोर्टाने म्हटलं की अधिकाराची मर्यादा ओलांडून घेतलेला निर्णय हा या कायद्याखालचा निर्णयच नव्हे, त्यामुळे ते कलम त्याला संरक्षण देत नाही. हे दार तेव्हापासून उघडं राहिलं आहे. दार अरुंद आहे, पण बंद करता येत नाही.

हा फरक सगळ्यांना माहीत असलेल्या एका प्रकरणात लख्ख दिसतो. टेनिसपटू नोवाक जोकोविच ५ जानेवारी २०२२ च्या रात्री मेलबर्नच्या विमानतळावर उतरला. कोविडच्या लसीच्या प्रश्नावरून त्याला थांबवलं. पहाटे ५:२० ला सांगितलं की म्हणणं मांडायला साडेआठपर्यंत वेळ आहे. पण सहाच्या सुमारासच त्याला बोलायला लावलं आणि ७:४२ ला व्हिसा रद्द केला. कबूल केलेली वेळ दिली नाही, तो वकिलाशी बोलू शकला नाही. हे सरकारने मान्य केलं आणि १० जानेवारीला कोर्टाने तो निर्णय रद्द केला. जग म्हणालं, जोकोविच जिंकला. चार दिवसांनी मंत्र्यांनी स्वतःच्या खास अधिकारात, लोकहिताचं कारण देऊन, व्हिसा पुन्हा रद्द केला. १६ जानेवारीला फेडरल कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने त्याचा अर्ज फेटाळला. निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे बघणं आपलं काम नाही, अशीच त्यांची भूमिका होती. मंत्र्यांनी कायद्याने सांगितलेल्या मुद्द्यांचा विचार केला होता, तेवढं पुरलं. माणूस तोच, लस तीच, आठवडाही तोच. पहिल्यांदा निर्णयाची पद्धत चुकली होती, दुसऱ्यांदा चुकली नाही.

म्हणून कोणी मला ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणतं तेव्हा मी आधी निकालपत्र मागतो. अन्याय खरा असतो, मला तो कळतो. पण कोर्टात न्यायचा तर त्याला कायद्यातल्या चुकीचं रूप असावं लागतं. आणि ही चूक खुसपटं काढून दाखवता येत नाही. निकालपत्राकडे चूक शोधायच्याच नजरेने बघू नये, हे हायकोर्टाने १९९६ मध्येच वू शान लियांग प्रकरणात बजावलं आहे.

कोणत्या चुका चालतात? एक इराणी खलाशी होता. त्याच्या निर्वासिताच्या अर्जाचा निकाल एसझेडबीईएल या नावाने ओळखला जातो. (आसरा मागणाऱ्याचं नाव कोर्टाने छापायचं नाही, असं तिथल्या कायद्याचं कलम ९१-एक्स सांगतं, म्हणून ही अक्षरी नावं.) खात्याने त्याला एका मुद्द्यावर नाकारलं होतं. ट्रायब्युनलने त्याला वेगळ्याच गोष्टींवरून खोटं ठरवलं, पण सुनावणीत त्या गोष्टी संशयास्पद वाटतात हे त्याला कळूच दिलं नाही. २००६ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की ज्या मुद्द्यावर निर्णय फिरणार आहे तो माणसाला आधी कळला पाहिजे. आपण ज्याला ‘बेसावध गाठणं’ म्हणतो ते कायद्याला मंजूर नाही.

२०१३ चा ली यांचा निकाल तर प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावा. त्यांच्या पहिल्या एजंटने खोटी माहिती भरली होती. नंतर त्यांनी कौशल्याचं नवं मूल्यांकन मागितलं, त्यातही चूक झाली. ती दुरुस्त होईपर्यंत थांबा, एवढीच विनंती त्यांनी ट्रायब्युनलला केली. ट्रायब्युनल म्हणालं, पुरेशा संधी दिल्या, आता बस. हायकोर्टाने हा नकारच अवाजवी ठरवला, कारण थांबायला काय हरकत होती याचं समजण्यासारखं कारणच दिलेलं नव्हतं. अधिकार आहे म्हणून तो कसाही वापरता येत नाही, हे या निकालाने पक्कं केलं.

तुमच्या भाच्याला सर्वात जवळचा निकाल याहून कमी गाजलेला आहे. तो एसझेडआरकेटी नावाचा, फेडरल कोर्टाचा, तोही २०१३ चा. अर्जदाराने विद्यापीठाची गुणपत्रिका दिली होती, त्याच्या सांगण्याला आधार देणारी. ट्रायब्युनलने ती विचारातच घेतली नाही. कोर्टाने म्हटलं की प्रत्येक चिटोरं निकालात नमूद केलंच पाहिजे असं नाही, पण ज्या कागदावर प्रकरणाचा गाभा अवलंबून आहे तो नजरेआड करणं ही अधिकाराची मर्यादा ओलांडणारी चूक आहे. २०२२ मध्ये हायकोर्टानेही एम-१ प्रकरणात सांगितलं की निर्णय घेणाऱ्याने समोर आलेलं म्हणणं वाचलं, समजून घेतलं आणि तोललं पाहिजे. ते पटलंच पाहिजे असं नाही, पण वाचलंच नाही हे चालत नाही.

आता भाच्याच्या निकालपत्रातली ओळ पुन्हा वाचा: ‘कोणताही पुरावा दिलेला नाही.’ त्याजागी ‘कागद पाहिले, पण त्यांतून कॉलेज सोडण्याचं कारण स्पष्ट होत नाही’ असं लिहिलं असतं तर मी तुम्हाला कोर्टात जाऊ नका म्हणालो असतो. कारण पुराव्याला किती वजन द्यायचं हा ट्रायब्युनलचा प्रांत आहे. पण कागद त्यांच्याकडे पोहोचले असतील आणि तरी ‘दिलेच नाहीत’ लिहिलं असेल, तर ते वाचले गेले नाहीत एवढाच अर्थ निघतो. त्यामुळे ईमेल केव्हा पोहोचलं याला महत्त्व आहे. ट्रायब्युनलच्या निकालावर तारखेबरोबर वेळही नोंदलेली असते. ईमेल त्याआधी पोहोचलेलं असलं पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला असला तरी मुद्दा संपतो.

चूक सापडली म्हणून काम झालं असंही नाही. त्या चुकीने फरक पडला असता का, हेही दाखवावं लागतं. २०१८ च्या हुसेन प्रकरणात एका बांगलादेशी अर्जदाराच्या बाबतीत ट्रायब्युनलने कायदा चुकीचा लावला, हे सगळ्यांना मान्य होतं. पण सरकारचं देणं थकलेलं असणं हे व्हिसा नाकारण्याचं दुसरं, स्वतंत्र कारणही होतं आणि ते बरोबर होतं. चूक झाली नसती तरी निकाल तोच लागला असता, म्हणून तो हरला. त्यानंतरची काही वर्षं हे ओझं अर्जदारांवर फार जड पडलं. एप्रिल २०२४ मध्ये एलपीडीटी निकालात हायकोर्टाने ते जरा हलकं केलं. चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची खरीखुरी शक्यता होती का, एवढंच विचारायचं, आणि ही पायरी उंच नाही. निकाल नक्की बदललाच असता हे सिद्ध करायची गरज नाही.

भाच्याच्या बाबतीत ही पायरी चढता येईल असं मला वाटतं. त्याचा व्हिसा कलम ११६ खाली रद्द झाला असणार, कॉलेजात नाव असलंच पाहिजे ही अट मोडल्याबद्दल. अट मोडली हे खरंच आहे, त्यावर वाद घालू नका. पण या कलमात ‘रद्द करता येईल’ असं म्हटलं आहे, ‘करावाच’ असं नाही. करावा की नाही हे ठरवताना अट का मोडली, ते माणसाच्या हातात होतं का, घरच्यांवर काय परिणाम होईल, हे बघतात. मिरजेचे कागद नेमके त्याच प्रश्नाचं उत्तर आहेत. सरकारी वकील काय म्हणतील तेही सांगून ठेवतो: वडील बरे झाल्यावर त्याने पुन्हा प्रवेश का घेतला नाही, खात्याला का कळवलं नाही, त्या काळात काम किती केलं? ही उत्तरं खरी आणि आत्ताच तयार हवीत. कारण कोर्टात जिंकला तरी त्याच्या हाती पडेल ती ट्रायब्युनलपुढची दुसरी सुनावणी. तिथे हेच प्रश्न येतील आणि तो पुन्हा हरूही शकतो. असं झालेलं मी पाहिलं आहे. कोर्टाच्या विजयाचे पेढे वाटलेल्या घरात वर्षाने पुन्हा नकाराचं पत्र आलं.

आता मुदत. फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात अर्ज करायला ३५ दिवस मिळतात. हे दिवस ट्रायब्युनलच्या निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्याच्या किंवा उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. १२ गेले, २३ उरले. मुदत वाढवून मागता येते, पण उशिराचं कारण आणि केसमधलं तथ्य दोन्ही दाखवावं लागतं. २०२२ च्या टुउटा काटोआ निकालानंतर मुदतवाढीच्या टप्प्यावरच कोर्ट केसचं वजन बऱ्यापैकी खोलात जाऊन बघू शकतं. त्यात अडकू नका. कोर्टात अर्ज प्रलंबित असताना देशात राहायला ब्रिजिंग व्हिसा लागतो. तो आपोआप मिळत नाही, वेगळा मागावा लागतो, आणि कामाची परवानगी त्याहून वेगळी.

‘कोर्टात टाका, दोन-तीन वर्षं निघतील’ या सल्ल्याबद्दल. यशाची वाजवी आशा नसताना कोणाला इमिग्रेशनचा दावा लावायला उद्युक्त करणं, या कायद्याच्या कलम ४८६-ई ने मना केलं आहे. कोर्टात कागद दाखल करताना वकिलाला तसं लेखी प्रमाणपत्र द्यावं लागतं. वेळ काढण्यासाठी लावलेल्या दाव्याचा खर्च कोर्ट वकिलाच्या बोडक्यावर टाकू शकतं. आणि तुम्ही हरलात की सरकारचा खर्च तुमच्या नावावर चढतो. तो थकला तर ते सरकारचं देणं ठरतं, आणि सरकारचं देणं थकलेल्याला पुढे अनेक व्हिसांत अडचण येते. हुसेन प्रकरणात पाहिलंत तसंच. द्राक्षबागेवर आधीच कर्ज असेल तर हा हिशेब घरात बसून आधी करा.

एजंटने केलेल्या गोंधळाबद्दल मला रोज कोणीतरी विचारतं, म्हणून जरा थांबतो. २००७ चा एसझेडएफडीई निकाल आहे. लेबनॉनहून आलेल्या एका कुटुंबाला एका माणसाने फसवलं. परवाना नसताना तो वकील आणि एजंट असल्याचं भासवत होता. ट्रायब्युनलच्या सुनावणीला जाऊ नका, गेलात तर नुकसान होईल, असं त्याने सांगितलं. ती माणसं गेली नाहीत आणि हरली. हायकोर्टाने म्हटलं की ही फसवणूक कुटुंबाची होती तशी ट्रायब्युनलचीही होती, कारण माणसाला ऐकून घेण्याचं त्याचं कामच तिने हाणून पाडलं. निर्णय रद्द झाला. पण त्याच निकालात हेही स्पष्ट आहे की वाईट सल्ला, विसरणं, हलगर्जीपणा म्हणजे फसवणूक नव्हे. एजंट तारीख विसरला, कागद पुढे पाठवायला विसरला, तर कोर्ट बहुतेक वेळा मदत करत नाही. उलट बाजूने, एजंटने तुमच्या नकळत खोटा कागद जोडला तरी त्याचं ओझं तुमच्यावर येऊ शकतं. २०१४ च्या त्रिवेदी निकालाने सांगितलं की कागदात किंवा माहितीत जाणूनबुजून केलेला खोटेपणा असला पाहिजे, साधी चूक पुरत नाही. पण तो खोटेपणा अर्जदारानेच केलेला असावा असं नाही. त्यातून तीन वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियाबाहेर बसून सल्ला देणाऱ्या एजंटला तिथल्या नोंदणीची सक्ती नाही. म्हणून सांगलीत, पुण्यात बोर्ड लावलेला माणूस ऑस्ट्रेलियाच्या कोणाला उत्तरदायी आहे, हे विचारा. कोर्टात तर एजंट उभाच राहू शकत नाही, तिथे वकीलच लागतो.

आता प्रोटेक्शन. हा मार्ग एजंट का सुचवतात ते समजून घ्या. व्हिसा रद्द झालेला माणूस ऑस्ट्रेलियात राहून बहुतेक दुसरे व्हिसा मागू शकत नाही, कलम ४८ त्याला अडवतं. प्रोटेक्शन हा उरलेल्या मोजक्या अर्जांपैकी एक. बंद दारांच्या रांगेत एक दार उघडं दिसतं, आणि एजंट पोरांना त्यातून ढकलतात. पण ते दार कोणासाठी आहे? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एका कारणावरून छळाची सकारण भीती असलेल्यासाठी. २०१२ पासून त्याला पूरक संरक्षणाची जोड मिळाली: कारण या पाचांत बसत नसलं तरी परत पाठवल्यावर ठार मारलं जाण्याचा, छळाचा, अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तर. सावकाराचा तगादा, शिक्षणाचं कर्ज, गावात तोंड दाखवायची लाज, ही दुःखं खरी आहेत, पण एवढ्यावर निर्वासित होता येत नाही.

ज्याची भीती खरी आहे त्याच्याशी मात्र हा कायदा उदार आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. १९८९ च्या चान निकालात हायकोर्टाने ‘खरी शक्यता’ ही कसोटी घातली. छळ होण्याची शक्यता शेकड्यात दहा असली तरी भीती सकारण असू शकते, असं त्यात न्यायमूर्ती मॅकह्यू यांनी लिहिलं. २००३ मध्ये दोन बांगलादेशी समलिंगी पुरुषांचा खटला आला. ट्रायब्युनल म्हणालं होतं, ते गुपचूप राहतात, मग त्यांना त्रास कुठे होणार? चार विरुद्ध तीन अशा मतांनी हायकोर्टाने ते खोडलं. माणूस लपून का राहतो, भीतीमुळेच ना, हा प्रश्न ट्रायब्युनलने विचारलाच नव्हता. पुढे २०१० मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही हीच दिशा धरली. आणि २००२ च्या खवार निकालात, पाकिस्तानातल्या एका बाईला नवऱ्याच्या घरी मारहाण होत होती आणि पोलीस तक्रारच घेत नव्हते, तेव्हा कोर्टाने म्हटलं की राज्य बायकांना संरक्षण द्यायचं मुद्दाम टाळत असेल तर तो छळ ठरू शकतो.

आपल्याकडूनही खरे दावे येतात. जातीबाहेर लग्न केलेली जोडपी, ज्यांच्या मागे भाऊ-चुलते लागले आहेत. त्यांना दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पहिला: पोलीस संरक्षण देणार नाहीत का? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, हे ट्रायब्युनलला माहीत असतं. पूर्ण सुरक्षिततेची हमी कोणतंच राज्य देऊ शकत नाही, वाजवी संरक्षण पुरे, असं २००४ मध्ये युक्रेनच्या एका प्रकरणात हायकोर्टाने म्हटलं आहे. म्हणून ‘कायदा आहे पण आमच्या बाबतीत काय झालं’ हे दाखवावं लागतं: तक्रार कुठल्या ठाण्यात केली, कोणी हाकललं, कोणत्या तारखेला. दुसरा प्रश्न: भारत एवढा मोठा, दुसरीकडे का राहत नाही? २०१४ च्या दुरुस्तीपासून निर्वासिताची भीती सगळ्या देशभर असली पाहिजे. भारतातले बहुतेक अर्ज इथेच अडखळतात.

आणि भाषा. खऱ्या माणसाचा दावा भाषेवर बुडताना पाहिला की जीव तुटतो. आपण चुलतभावाला ‘भाऊ’ म्हणतो. अर्जात ‘सख्खी भावंडं: एक बहीण’ आणि सुनावणीत ‘माझ्या भावाने धमकी दिली’. सदस्याच्या वहीत लगेच टाचण पडतं: विसंगती. ‘त्यांनी माझ्या मित्राला मारलं’ याचा अर्थ चोप दिला की जीव घेतला? दुभाषाने जीव घेतला असं सांगितलं आणि पुढच्या वाक्यात मित्र दवाखान्यात आहे, की माणूस खोटा ठरतो. हिंदी येतं म्हणून हिंदी दुभाषा घेऊ नका, मराठीच मागा. भाषांतर इतकं सदोष असेल की माणसाला आपलं म्हणणं मांडताच आलं नाही, तर निर्णय टिकत नाही, हे १९९९ च्या परेरा निकालापासून मान्य आहे. पण नुसत्या तक्रारीने भागत नाही. रेकॉर्डिंग ऐकून, वाक्य न् वाक्य लावून, कोणत्या शब्दावर काय बिघडलं ते दाखवावं लागतं. मराठी जाणणारा माणूस हे काम फार चांगलं करू शकतो.

भाच्याने खोटं लिहून प्रोटेक्शन मागितलं तर काय होईल? २०२३ मध्ये सरकारने १६ कोटी डॉलर खर्चून ही यंत्रणा वेगवान करायला घेतली आणि नवे अर्ज आधी तपासायचं ठरवलं. त्यामुळे ‘वर्षानुवर्षं काढता येतील’ ही जुनी बातमी झाली. अर्ज नाकारला की तिथे असेपर्यंत पुन्हा प्रोटेक्शन मागता येत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. आणि ‘गावी जिवाला धोका आहे’ हे सहीनिशी लिहिलेलं त्याच्या फाईलमध्ये राहतं. उद्या त्याने लग्नाच्या किंवा नोकरीच्या व्हिसासाठी अर्ज केला की पहिला प्रश्न तोच येईल. माझा राग वेगळ्या कारणासाठीही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनझेडवायक्यू नावाने निकाल लागला, तो म्यानमारच्या एका राष्ट्रहीन रोहिंग्याचा. त्याला पाठवायला जगात देशच नव्हता म्हणून त्याला कोठडीत ठेवलं होतं. हायकोर्टाने २००४ चा स्वतःचाच निकाल फिरवून सांगितलं की पाठवण्याची खरी शक्यता नसेल तर माणसाला असं डांबता येत नाही. ही यंत्रणा अशा माणसांसाठी आहे. त्यांच्या रांगेत खोटे अर्ज घुसले की खऱ्याकडेही संशयाने बघितलं जातं, आणि ते मी सुनावणीच्या खोलीत बसून रोज बघतो.

कोर्टात जायचं नाही असं ठरलं तरी सगळं संपत नाही. कलम ११६ खाली व्हिसा रद्द झाला की बहुतेक तात्पुरत्या व्हिसांवर तीन वर्षांची आडकाठी येते, पण ती रद्द झाल्याच्या तारखेपासून मोजतात. भाच्याचा त्यातला काही काळ ट्रायब्युनलच्या वाट पाहण्यातच गेला आहे. सबळ कारण असेल तर ती उठवताही येते. जोकोविचवर तीच आडकाठी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला व्हिसा मिळाला आणि पुढच्या जानेवारीत तो तिथली स्पर्धा जिंकला. तुमचा भाचा जोकोविच नाही, हे खरं. पण नियम दोघांना एकच आहे. रीतसर परत आलेल्या, कुठे खोटं न लिहिलेल्या मुलाची फाईल पुढे कोणीतरी मोकळ्या मनाने उघडू शकतं.

या आठवड्यात करायचं ते असं. ट्रायब्युनलकडून सुनावणीचं रेकॉर्डिंग आणि पूर्ण फाईल मागवा, तो त्याचा हक्क आहे. निकालपत्र, व्हिसा रद्द केल्याचं पत्र आणि मिरजेचे कागद एकत्र करून कोर्टात उभा राहणारा वकील गाठा. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था मेलबर्नमध्येही आहेत, आधी तिथे विचारा. भाच्याला फोन कराल तेव्हा ‘आम्हाला का सांगितलं नाहीस’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याने लपवलं ते वडिलांच्या छातीवर आणखी ओझं नको म्हणून, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्याला एवढंच सांगा की ईमेलची पाठवलेल्यांची पेटी उघड आणि त्या ईमेलचा स्क्रीनशॉट पाठव. त्यात तारीख आणि वेळ बघा, जोडलेले कागद बघा, आणि सगळ्यात आधी वरचा पत्ता बघा. ते ट्रायब्युनलला गेलं असेल तर २३ दिवसांत पुष्कळ काही करता येईल. ते एजंटला गेलं असेल आणि त्याने पुढे पाठवलंच नसेल, तर मला लगेच कळवा. मग केस वेगळी होते आणि जास्त अवघड.